वारीतला फ्रीज

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दोघा-तिघांनी "काकू, ब्लॉग बंद केलात का?" म्हणून विचारलं. बंद नाही केला हो, पण गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि तो म्हणजे फ्रीज. घरातला नव्हे, वारीत न्यायचा.

नात्यातल्या मंडळींना निम्मी गोष्ट ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचे हे बावीस वर्षं तुकोबांच्या पालखीबरोबर पायी चालले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी. गळीत हंगामात रजा म्हणून कधी घेतली नाही, ती सगळी आषाढासाठी राखून ठेवायची. आता वय एकोणऐंशी. सहा वर्षांपासून इन्शुलिन चालू आहे आणि गेली दोन वर्षं गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. गेल्या वर्षी पालखी बारामतीत आली तेव्हा आम्ही दर्शन घेतलं, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण पाहिलं आणि घरी आलो. घरी आल्यावर हे आठ दिवस धड बोलले नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इंदापूरला असतो. त्याच्या वडिलांची एक जुनी मॅटॅडोर शेडमध्ये पडून होती. नव्या पिढीला हे नाव माहीत नसेल. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं १९६९ साली ही गाडी काढली. (त्या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं.) एके काळी आमच्या भागात दुधाचे कॅन, डाळिंबाच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, सगळं मॅटॅडोरमधूनच जायचं. भाच्यानं ती गाडी दुरुस्त केली, कागदपत्रं नव्यानं करून घेतली, आत दोन बाकडी टाकली, मच्छरदाणी लावली, पाण्याची टाकी बसवली. सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात म्हणे गाडीतच बिछाना नि स्वयंपाकघर असतं. भाचा म्हणाला, "मावशी, आपलं धोरण त्याच्या आधीचं आहे. दिंडीचा ट्रक म्हणजे कॅरॅव्हानच की!" तर या मॅटॅडोरमधून यंदा ह्यांना दिंडीबरोबर न्यायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

हे मात्र तयार नव्हते. "गाडीत बसून वारी? मी काय सामान आहे?" म्हणाले. त्यातून इन्शुलिनचा प्रश्न. अठरा-एकोणीस दिवस, पत्र्याची गाडी, मुक्काम कधी शाळेत तर कधी उघड्या रानात. औषध थंड कुठे ठेवणार?

हा प्रश्न कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर गेला आणि तिथून अमेरिकेला पोचला. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा मिशिगनला असतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी एक जुना कँपर ट्रेलर घेतला. म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. सुट्टीच्या दिवशी तो आणि सूनबाई ती घासत-रंगवत बसतात. त्या ट्रेलरमध्ये त्यानं गॅसवर चालणारा फ्रीज बसवलाय. लगेच त्याचा फोन आला. "काकू, बॅटरी-बिटरीच्या भानगडीत पडू नका. प्रोपेनचा फ्रीज घ्या. वीज नको, आवाज नाही, एक बारीक ज्योत पेटवली की झालं."

आता मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. ज्योत पेटवून थंडी? मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. पण त्यानं आकृती पाठवली, मी ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून काढली आणि चार दिवस तिच्याशी झटापट केली. मला जे समजलं ते आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगते.

हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं, कारण ते उडून जाताना आपल्या कातडीची उष्णता घेऊन जातं. माठाचं पाणी गार होतं तेही तसंच. कुठलाही फ्रीज याच तत्त्वावर चालतो. एखादा द्रव पदार्थ आतल्या बाजूला उडवायचा, त्यानं उष्णता घ्यायची, मग त्याला बाहेर आणून पुन्हा द्रव करायचं. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये हे फिरवाफिरवीचं काम कॉम्प्रेसर करतो. गॅसच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतोच. तिथे पाण्यात विरघळलेला अमोनिया असतो. खालून ज्योत लावली की अमोनियाची वाफ पाण्यातून सुटून वर जाते, मागच्या नळ्यांत निवते, तिचा द्रव होतो. तो द्रव आत उतरतो तिथे हायड्रोजन वायू भरलेला असतो. त्याच्या संगतीत अमोनियावरचा स्वतःचा दाब कमी होतो, म्हणून तो भराभर उडतो आणि फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला पुन्हा आपल्यात विरघळवून घेतं आणि फेरी पहिल्यापासून सुरू. हलणारा एकही भाग नाही.

स्टॉकहोमच्या तंत्रशाळेत शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स नावाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे यंत्र शोधलं. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनी ते करून विकू लागली. पुढे खुद्द आइन्स्टाइन आणि त्यांचे तरुण मित्र झिलार्ड यांनीही असाच, न हलणाऱ्या भागांचा फ्रीज तयार करण्याचा ध्यास घेतला होता. त्या वेळच्या फ्रीजमधून विषारी वायू गळून बर्लिनमधलं एक कुटुंब झोपेतच गेलं, ती बातमी वाचून म्हणे. त्यांना १९३० मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळालं. तो फ्रीज बाजारात काही आला नाही. इतिहासाची शिक्षिका असून मला हे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळावं! असो.

खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मी गॅसच्या फ्रीजच्या प्रेमातच पडले. हिशेबही जमत होता. लहान फ्रीजला दिवसाला पाव किलोच्या थोडा पुढे गॅस लागतो, म्हणजे पाच किलोच्या सिलिंडरमध्ये पंधरवडा निघावा. पुतण्याकडे नुसता प्रोपेन मिळतो, आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. तेव्हा जेट आणि रेग्युलेटर आपल्या गॅसला जुळणारे हवेत, एवढंच. रॉकेलवर चालणारे असलेच फ्रीज, जिथे वीज नव्हती अशा मुलखांत, लसी ठेवायला जगभर वापरले गेले आहेत.

पण मग मी त्या लसींच्या फ्रीजबद्दलच अधिक वाचत गेले आणि तिथे गाडी अडली. आता लसींसाठी सौरऊर्जेवरच्या फ्रीजना पसंती देतात, कारण ज्योतीवरच्या फ्रीजचं तापमान नीट एका जागी राहत नाही. कधी चढतं, कधी इतकं उतरतं की लस गोठते. इन्शुलिनला नेमकं हेच चालत नाही. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते संपलं. पुन्हा वितळवून, हलवून, काही करून उपयोग नाही, टाकूनच द्यायचं.

आणखी अडचणी निघाल्या. हा फ्रीज उभा असताना अगदी सपाट जागी लागतो. तीन ते सहा अंशांपलीकडे कलला की आतला द्रव वाटेत अडून बसतो, ज्योत मात्र जळत राहते आणि यंत्र कायमचं बिघडू शकतं. गाडी चालू असताना तेवढं बिघडत नाही, कारण धक्क्यांनी द्रव हलत राहतो. उभ्या गाडीचं भय. आणि आमची गाडी उभी कुठे राहणार? पहिल्या पावसानंतरच्या काळ्या रानात! निमगाव केतकीच्या आसपास एकदा आमच्या दिंडीचा ट्रक रात्रीतून एका बाजूनं वीतभर रुतला होता. अमेरिकेत फरशीसारख्या सपाट जागा मिळतात म्हणे, वर ट्रेलरला चार पाय असतात आणि पुतण्या स्पिरिट लेव्हल लावून बसतो.

शिवाय हवा गरम असली की हा फ्रीज दमतो. तिसाच्या पुढे पारा गेला की त्याला धाप लागते, आणि उन्हात उभ्या मॅटॅडोरमध्ये तर भाकरी भाजावी. आणि शेवटची गोष्ट, जिच्यामुळे मी तो कॅलेंडरचा कागद घडी करून ठेवला. त्याच बंद गाडीत हे झोपणार. अमेरिकेत १९३३ ते १९५७ या काळात बनलेल्या गॅस-फ्रीजबद्दल तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं इशाराच देऊन ठेवलाय की ज्योत नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्यात माणसं गेली आहेत. नव्या फ्रीजमध्ये ज्योतीची हवा थेट बाहेर सोडतात, सुरक्षेची साधनंही असतात, हे पुतण्यानं तळमळीनं सांगितलं. पण ती जाळी, तो झरोका आमच्या मॅटॅडोरच्या पत्र्यात कोण कापणार? आणि बिघडला तर इंदापुरात मॅटॅडोरचा मिस्त्री अजून सापडतो, अमोनियाच्या फ्रीजचा कुठून आणायचा? पुतण्या थोडा हिरमुसला. त्याच्या ट्रेलरसाठी त्यानं योग्यच वस्तू निवडली आहे, हे मी त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

मग बर्फाचा पर्याय निघाला. आमच्याकडे बर्फाला तोटा नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं तेव्हापासून भिगवणला मासळीचा मोठा व्यापार, आणि मासळी आली की बर्फ आलाच. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ भरून ती लांबच्या शहरांत जाते. भाच्याचं म्हणणं, मासा टिकतो तर औषध का नाही टिकणार? ह्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "मावशींचं काय झालं ते विसरलास?"

आमच्या दिंडीतल्या त्या मावशींनी तीन वर्षांपूर्वी इन्शुलिन डब्यात ठेवलं आणि त्याला लगटून डीप फ्रीझरमधून काढलेलं जेलचं पाकीट ठेवलं. औषध गोठलं. दुपारी पुन्हा पातळ झालं, म्हणून त्या तेच टोचत राहिल्या. इंदापूरच्या रिंगणाच्या दिवशी त्या उन्हात बसल्या जागी कलंडल्या. साखर साडेचारशेच्या पुढे. त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला गेली तेव्हा त्या खाटेवर रडत होत्या. वाचल्या, हे महत्त्वाचं. पण पुढल्या वर्षीपासून घरच्यांनी त्यांना पाठवलं नाही.

राहता राहिलं मडकं. मला त्याचा फार भरवसा होता. लहानपणी आमच्या घरी दुधाचं पातेलं ओल्या वाळूवर ठेवून वर ओलं फडकं टाकायची रीत होती. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा नावाच्या एका शिक्षकानं मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली आणि त्या शीतपेटीसाठी त्यांना २००० सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला. (शिक्षक म्हटल्यावर मला उगीचच बरं वाटलं.) पण मडकं गार होतं ते कोरड्या हवेत. चैत्रात दहा अंश सहज उतरेल. आषाढात हवेत दमट कोंडा असला की दोन-तीन अंशांवर समाधान मानायचं.

इथवर आल्यावर मी आमच्या बारामतीच्या डॉक्टरांकडे गेले आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं ते विचारलं. नक्की किती औषध, किती दिवस, किती थंड? ते म्हणाले, वापरात असलेलं पेन पंचवीस-तीस अंशांपर्यंत महिनाभर चालतं, प्रत्येक कंपनीच्या कागदावर मर्यादा लिहिलेली असते ती वाचा. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतलं तापमान डोळ्यांपुढे ठेवून जिनिव्हा विद्यापीठानं आणि एका वैद्यकीय संस्थेनं प्रयोग केले होते, ते २०२१ मध्ये छापून आले. त्यात २५ ते ३७ अंशांत खालीवर होणाऱ्या उष्णतेतही इन्शुलिन चार आठवडे टिकलेलं दिसलं. पण तुमची पत्र्याची गाडी सदतिसावर थांबणार आहे का, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे वापरातलं पेन मडक्यात, सावलीत चालेल. न उघडलेल्या साठ्याला खरी थंडी हवी.

साठा किती? ह्यांना दिवसाला बत्तीस युनिट लागतात. एका काडतुसात तीनशे. म्हणजे वारीला दोन काडतुसं, वर एक जादा. तीन! पुतण्या सांगत होता तो फ्रीज कमरेइतका उंच होता.

पण दिंडीत विचारल्यावर कळलं की इन्शुलिनवर हे एकटे नाहीत. अकरा जण निघाले. कोणी ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवतं, कोणी पाण्याच्या बाटलीला बांधतं, आणि दोघं तर वारीपुरतं बंदच करतात! "पांडुरंग बघून घेईल" म्हणे. मी त्या दोघांना वर्गातल्यासारखी झापलं. अकरा जणांची मिळून तीस-बत्तीस काडतुसं. माझ्या जुन्या शाळेच्या डब्यात मावतील एवढी.

तेव्हा ठरला तो बॅटरीवरचा लहान कॉम्प्रेसर फ्रीज, पंधरा लिटरचा. दिसायला पेटीसारखा, झाकण वर उघडतं, त्यामुळे उघडलं तरी थंड हवा सांडत नाही. गाडी बऱ्यापैकी कलली तरी त्याला चालतं. तापमान पाच अंशांवर लावून ठेवता येतं. याच्याहून स्वस्त, पंख्याचा आवाज करणाऱ्या पेट्याही मिळतात. त्या बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जातात आणि बॅटरी सतत पितात, म्हणून त्या नको. आमच्या पेटीला चोवीस तासांत बॅटरीतून चाळीसेक अँपिअर-तास लागतील असा भाच्याचा हिशेब. शंभरची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे एकच दिवस. लिथियमची घेतली तर दोन दिवस. टपावर सौरपट्टी आहे, पण आषाढातल्या आभाळाचा काय नेम? म्हणून मुक्कामाच्या गावी कोणाच्या तरी घरून वायर ओढायची. वारीच्या वाटेवर त्याला कोणी नाही म्हणत नाही. सगळं मिळून खर्च पस्तीस हजारांच्या पुढे गेला. त्यातले अर्धे पुतण्यानं पाठवले, रुसवा सोडून.

भांडण झालं ते नंतर. फ्रीज येतोय म्हटल्यावर दिंडीतल्या स्वयंपाकाच्या बायकांनी दही ठेवू म्हटलं, तरुणांना गार पाणी हवं, एका महाराजांना ताक. पंधरा लिटर ते किती! आणि शंभर वेळा झाकण उघडलं तर औषधाचं काय? बराच वेळ वाद चालला. मी बोलणार तेवढ्यात हे म्हणाले, "त्याला कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. औषधाशिवाय आत काही जाणार नाही." कोणी पुढे बोललं नाही. वजनकाट्यावर अठ्ठावीस वर्षं बसलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली. रकाने आखले. तारीख, गाव, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, बॅटरी, कोणाचं काय काढलं, सही. प्रत्येकाच्या काडतुसांवर चिकटपट्टी लावून नाव. अकरा जणांना फोन करून कोण कोणतं औषध किती वाजता घेतं ते लिहून घेतलं, त्यात ते बंद करणारे दोघेही आले. "गाडीत बसून वारी" हे शब्द त्यानंतर मी ऐकले नाहीत, आणि मीही काढले नाहीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात भाच्यानं मॅटॅडोर इंदापूरला भर उन्हात तीन दिवस उभी ठेवली. आत वेगळा थर्मामीटर ठेवला होता. गाडीत दुपारी त्रेचाळीस, पेटीत सहा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरीनं मान टाकली तेव्हा सात तासांत पेटी चौदावर गेली. म्हणजे वीज नसेल तर हाताशी फार तर एका रात्रीचा अवकाश आहे, त्याच्या आत कुठेतरी जोडणी मिळायलाच हवी. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून झालंय.

तेवढ्यासाठीच आज लिहायला बसले. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर इथे आपली माणसं आहेत, विजेची सोय झाली. सराटीला आमच्या ओळखीचं कोणी नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाचे पाहुणे तिथे असतील, रात्रभर एक प्लग देतील आणि गाडीला थोडी सावली मिळेल, तर कृपया कळवा. वायर पन्नास फूट आहे.